एडिसन ते सांगली: आई-बाबांसाठी परतीचं कोणतं तिकीट घ्यावं?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे आई-बाबा मेच्या अखेरीस न्यू जर्सीतल्या एडिसनला तुमच्याकडे आले. बाबा बहात्तर वर्षांचे, गुडघे दुखतात, मधुमेह आहे, रात्रीचं एक इन्सुलिन चालू. आई सदुसष्ट, तब्येतीने ठणठणीत, पण इंग्रजीची धास्ती. आधीचं परतीचं विमान कंपनीने रद्द करून पैसे परत दिले. आता दोन पर्याय समोर आहेत. पहिला: सोमवार 16 नोव्हेंबरला रात्री 9:50 ला नेवार्कहून निघून फ्रँकफर्टला 1 तास 20 मिनिटांचं कनेक्शन, मुंबईत रात्री 1:10 ला, आणि सकाळी अकराच्या कोल्हापूर विमानाचं वेगळं तिकीट. दुसरा: त्याच रात्री 10:40 ला न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून दुबई, तिथे 4 तास 50 मिनिटं थांबा, मुंबईत पहाटे 5:45 ला, पुढे गाडीने सांगली. दुसरा दोघांचा मिळून एकतीस हजारांनी महाग. शुक्रवारी 20 तारखेला सांगलीत पुतण्याचा साखरपुडा. आणि प्रश्न असा की "एवढे पैसे जास्त घालून काही फरक पडतो का?"

पडतो. पण तुम्ही ज्या कारणासाठी विचारताय त्यासाठी नाही. तुम्ही विमानांची तुलना करताय. मी पुण्यात तिकिटांचंच काम करते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत मुलांकडे जाऊन परतणारे आई-वडील बरेच असतात. त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर विमानाबद्दल फारच कमी असतात. हाल होतात ते मुंबईत उतरल्यावर. म्हणून परतीचं तिकीट मी सांगलीच्या घराच्या दारापासून उलटं मोजत येते: घरी कितीला पोचायचं, त्याआधी गाडीत किती तास, गाडी कोण चालवणार, त्या वेळी प्रवाशाचं शरीर कुठल्या घड्याळावर चाललेलं असेल. विमान सगळ्यात शेवटी.

तसा हिशेब मांडून बघू. सोमवारी आई-बाबा एडिसनला सकाळी सातला उठतील. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं मागे जातात, त्यामुळे तेव्हा साडेनऊ नाही, साडेदहा तासांचा फरक असेल. पहिल्या पर्यायात ते बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास सांगलीत पोचतात. अंथरुणातून उठल्यापासून पुन्हा अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेचव्वेचाळीस तास. दुसऱ्या पर्यायात थेट गाडीने सांगली गाठली तर दुपारचे चार वाजतील, म्हणजे साडेशेचाळीस तास. नुसते आकडे पाहिले तर स्वस्त पर्यायच दोन तासांनी बरा. इथेच फसायला होतं, कारण त्या तासांमध्ये झोप कुठे आहे हे आकडे सांगत नाहीत.

नेवार्क ते फ्रँकफर्ट साडेसात तास. विमान वर जाऊन स्थिर झालं की जेवण येतं, उतरण्याच्या दीड-दोन तास आधी दिवे लागून नाश्ता येतो. मधे फार तर चार तास उरतात. त्यातले दोन झोपेचे, तेही शेजारी शांत असेल तर. पुढचं आठ तासांचं विमान सुरू होतं तेव्हा शरीराच्या घड्याळात सकाळचे पावणेसात झालेले असतात. डोळे चुरचुरतात, पण गाढ झोप लागत नाही. मुंबईत रात्री 1:10 ला उतरले की एडिसनच्या हिशेबाने दुपारचे पावणेतीन. मग सकाळी अकरापर्यंत सामानाच्या ट्रॉल्या सांभाळत बाकावर बसायचं, आणि शरीराची मध्यरात्र झाली की नेमकं कोल्हापूरचं विमान पकडायचं.

दुबईच्या पर्यायात पहिलाच टप्पा साडेबारा तासांवर जातो आणि तो त्यांच्या नेहमीच्या झोपायच्या वेळेला सुरू होतो. जेवण आटपलं तरी सलग सहा-सात तास अंधार मिळतो. दुबईत स्थानिक रात्रीचे आठ-साडेआठ वाजले असले तरी शरीराला ती सकाळ वाटते. म्हणजे पाच तासांचा तो थांबा जागेपणीचा. चालायचं, गरम काहीतरी खायचं, स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुवायचं, कपडे बदलायचे. मुंबईत पहाटे 5:45 ला उतरतील तेव्हा शरीरात संध्याकाळचे सव्वासात. पुढचे पाच-सहा तास माणूस तग धरू शकतो. सांगलीपर्यंतचे नऊ-दहा नाही.

म्हणून माझं उत्तर: दुसरा पर्याय घ्या, पण त्या दिवशी सांगलीला जाऊ नका. तुम्ही लिहिलंय की मावशी कोथरूडला राहते. सात-सव्वासातला विमानतळाबाहेर पडले तर साडेअकरापर्यंत मावशीकडे. आंघोळ, वरण-भात, आणि झोप. हा हिशेब बेचाळीस तासांवर येतो आणि शेवटचा टप्पा उजेडात होतो.

उजेडाचा मुद्दा जरा लांबवते, कारण त्याचा विचार फार कमी लोक करतात. मध्यरात्री येणाऱ्या विमानासाठी सांगलीहून गाडी मागवली की काय होतं? ड्रायव्हर दुपारी निघतो, पावणेचारशे किलोमीटर चालवून रात्री पोचतो, पार्किंगमध्ये सीट मागे पाडून अर्धवट पडतो, आणि पहाटे तीनला तीच गाडी घेऊन खंडाळ्याच्या घाटात शिरतो. अख्ख्या प्रवासात सगळ्यात कमी झोप झालेला माणूस विमानात नसतो, स्टिअरिंगवर असतो. मागे बसलेले दोघं दोन दिवसांचे थकलेले, ते पाचव्या मिनिटाला घोरायला लागतात, त्याच्याशी बोलायलाही कोणी नसतं. घरची गाडी आणि ओळखीचा ड्रायव्हर म्हणून निर्धास्त राहू नका. मुंबईची किंवा पुण्याची गाडी ठरवा, आणि ठरवताना स्पष्ट विचारा की आदल्या रात्री ड्रायव्हर कुठल्या फेरीवर आहे. गुरुवारी दुपारी पुण्याहून सांगलीला नेणारी गाडी वेगळी ठेवा.

पहिल्या पर्यायातल्या वेगळ्या तिकिटाबद्दल. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, सगळे टप्पे असतात तेव्हा आधीचं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी असते. कोल्हापूरचं तिकीट वेगळं काढलं की ते तुमचं तुम्ही. फ्रँकफर्टला पुढचं विमान चुकलं आणि आई-बाबा बारा तास उशिरा पोचले तर कोल्हापूरवाली कंपनी त्यांना गैरहजर धरते आणि विषय संपतो.

सामानाचा घोळ त्याहून मोठा. अमेरिकेहून येताना सहसा माणशी 23 किलोच्या दोन बॅगा चालतात. दोघांच्या मिळून ब्याण्णव किलो. देशांतर्गत विमानात साधारण माणशी 15 किलो. वेगळ्या तिकिटावर उरलेल्या बासष्ट किलोंचे पैसे काउंटरवर भरायचे, आणि कोल्हापूरला जाणारी विमानं लहान असतात, एवढं जास्तीचं सामान घेतीलच असं नाही. वाचवलेल्या एकतीस हजारांतले बरेचसे तिथेच जातील. (एकाच पीएनआरवर असतं तर आंतरराष्ट्रीय मर्यादा सहसा शेवटपर्यंत लागू होते. तिकिटावर प्रत्येक टप्प्यापुढे ती छापलेली असते, ती वाचा.) शिवाय सामान मुंबईत उतरवून, कस्टममधून बाहेर काढून, पुन्हा द्यावंच लागतं. कोल्हापूरचं विमान टर्मिनल 2 वरून आहे की 1 वरून, हेही पाहावं लागतं. दोन्ही एका आवारात नाहीत, रस्त्याने टॅक्सी करून जावं लागतं. आता तर नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा तिकिटावर 'मुंबई' दिसलं म्हणून समाधान मानू नका, बीओएम (जुना मुंबई विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते बघा.

आता हे सगळं परिस्थितीवर कसं अवलंबून आहे तेही सांगते. बाबांचे गुडघे बरे असते, बरोबर तुम्ही किंवा दुसरं कोणी तरुण असतं, आणि फ्रँकफर्टला तीन तास असते, तर मी युरोपातून जायला अजिबात नाही म्हटलं नसतं. मधे पाय मोकळे होतात, दोन मध्यम टप्पे एका लांब टप्प्यापेक्षा कित्येकांना सोसतात. मावशी पुण्यात नसती तर मी एक रात्र मुंबईत विमानतळाजवळच्या हॉटेलात काढायला सांगितलं असतं. दिल्लीमार्गे पुणे असं एकाच तिकिटाचं गणितही काहींना जमतं, नोव्हेंबरमध्ये तर चालण्यासारखं आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांचं कनेक्शन मी ठेवत नाही.

आणि एक गोष्ट फ्रँकफर्ट घ्यायचं ठरवलंत तर आधी बघाच: आई-बाबांच्या पासपोर्टवरच्या अमेरिकी व्हिसाची शेवटची तारीख. व्हिसा हा आत शिरण्यासाठी असतो, राहण्याची मुदत आय-94 वर, म्हणजे अमेरिकेत शिरतानाच्या नोंदीवर असते, त्यामुळे मुक्काम कायदेशीर असूनही व्हिसा मधेच संपलेला असू शकतो. युरोपात आणि ब्रिटनमध्ये नुसतं विमान बदलण्यासाठी भारतीय पासपोर्टला ज्या सवलती मिळतात त्या बऱ्याचदा चालू अमेरिकी व्हिसाला जोडलेल्या असतात. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर वाचा. एजंटने तोंडी सांगितलं म्हणून पुढे जाऊ नका, मी सांगितलं तरीही.

व्हीलचेअर. बाबांसाठी नक्की मागा, आणि विमानतळावर नाही, तिकीट काढतानाच. निदान 48 तास आधी नोंद हवी. तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढतो पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही न्यावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पहिला प्रकार टाकला आणि विमान शिडीला लागलं तर पंचाईत होते. बाबांना एक मजला चढवतो का, ते तुमच्याच जिन्यावर पाहून ठरवा. व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात आणि खुर्ची यायला दहा-वीस मिनिटं सहज लागतात. 1 तास 20 मिनिटांच्या कनेक्शनवर माझा भरवसा नाही, त्याचं हेही एक कारण.

आईसाठी खुर्ची मागू नका. भाषेच्या भीतीने खुर्ची घेणारे खूप आहेत आणि त्यामुळे खरी गरज असलेल्यांना खुर्च्या कमी पडतात. सोबत म्हणून त्या बाबांच्या खुर्चीबरोबरच चालतील, सहसा कोणी अडवत नाही. आई एकट्या असत्या तर 'मीट अँड असिस्ट' ही वेगळी सोय मागता आली असती, ती नेमकी अशा प्रवाशांसाठीच आहे. आणि जेएफकेला चेक-इन काउंटरवर तुम्ही स्वतःसाठी एस्कॉर्ट पास मागा. वृद्ध प्रवाशाला गेटपर्यंत सोडायला घरच्या एकाला तो देतात. देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर असतं, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. तुमचं ओळखपत्र रिअल आयडी (विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत चालणारं अमेरिकी ओळखपत्र) किंवा पासपोर्ट असू द्या.

जेवणाबाबत एक फसगत नेहमीची. बाबांना मधुमेह म्हणून मुलं हौसेने 'डायबेटिक मील' टाकतात. ते शाकाहारी असेलच असं नाही. बाबा शाकाहारी असतील तर भारतीय शाकाहारी, म्हणजे एव्हीएमएल टाका आणि गोड तेवढं बाजूला ठेवायला सांगा. बरोबर दशम्या आणि कोरडी चटणी द्या. लोणचं, तूप, पीनट बटर मात्र हातातल्या बॅगेत नको. ते द्रवात मोजतात आणि 100 मिलिलिटरच्या वर गेलं की काढून घेतात.

इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, गोळ्या हे सगळं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चेक-इनच्या बॅगेत इन्सुलिन अजिबात नाही, तिथे ते गोठू शकतं आणि बॅग हरवली तर गेलंच. पूर्वेकडे येताना मधला एक दिवस साडेदहा तासांनी आखडतो, त्यामुळे रात्रीचा डोस कधी आणि किती, हे त्यांच्या डॉक्टरांकडून तासानिशी लिहून घ्या, भारतीय आणि अमेरिकी दोन्ही वेळा मांडून. यात मी काही सुचवणार नाही. बाबांना कडेची सीट घ्या, दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत फेरी मारायला लावा. चार तासांच्या वरच्या प्रवासात पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो. घट्ट मोजे घालायचे का तेही डॉक्टरांनाच विचारा.

मुंबईत उतरल्यावर काय होईल ते त्यांना आधीच ओळीने सांगून ठेवा: पासपोर्ट, मग बेल्ट, मग कस्टम, मग बाहेर. बेल्टवर बॅग आली नाही किंवा फुटलेली आली तर त्या हॉलमधून बाहेर पडायच्या आधी कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून कागद घ्यायचा. नंतर घरून फोन करून तो कागद मिळवणं जिकिरीचं असतं. लेखी दावा फुटलेल्या बॅगेसाठी सात दिवसांत करायचा, आणि उशिरा आलेल्या बॅगेसाठी ती हातात पडल्यापासून एकवीस दिवसांत. बॅगेच्या आतही मावशीचा पत्ता आणि फोन लिहिलेला कागद टाका, बाहेरचा टॅग निघून जातो.

फोनचं आत्ताच बघा. सहा महिने बंद असलेलं भारतीय प्रीपेड सिम बंद पडलेलं असू शकतं. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर नंबर काढून घेता येतो. विमानतळाच्या वायफायला ओटीपी लागतो आणि तो फोनवरच येतो, म्हणजे सिम मेलेलं असेल तर वायफायही अवघड. ड्रायव्हरचा नंबर, गाडीचा नंबर आणि मावशीचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये.

आणि तारीख! "18 तारखेला रात्री 1:10" असं तिकिटावर असलं की घरचे लोक 18 च्या रात्री गाडी पाठवतात. विमान सतरा तारखेची रात्र उलटल्यावर येऊन गेलेलं असतं, आणि म्हातारी माणसं बाहेर खांबाजवळ ट्रॉलीला टेकून उभी असतात. हे इतकं घडतं की मी ड्रायव्हरला तारीख सांगतच नाही, "मंगळवारी जेवून निघ" असं सांगते. पहाटे 5:45 च्या विमानात हा घोटाळा जरा कमी होतो, तरी मावशींना "बुधवारी सकाळी चहाच्या वेळेला उतरतील" असंच सांगा.

आता साखरपुडा. बुधवारी सकाळी पुण्यात, गुरुवारी सांगलीत आणि शुक्रवारी सकाळपासून हॉलवर, हे कागदावर बसतं. पण पूर्वेकडे आल्यावर शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकतं. शुक्रवारी सकाळी अकराला, ऐन मुहूर्तावर, बाबांच्या शरीरात रात्रीचे दोन-अडीच वाजलेले असणार. वर पाहुणे, जेवणावळ, गोड, आणि इन्सुलिनच्या वेळा हललेल्या. एकतीस हजारांपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. मे अखेरीस आले असल्याने मुदतीची अडचण दिसत नाही, तेव्हा साखरपुड्याच्या आठवडाभर आधी पोचतील असं तिकीट बघा. 12-13 तारखेला पुण्यात, दोन रात्री मावशीकडे, मग सांगली. शुक्र-शनि-रविवार सोडून मधल्या वारी भाडंही बऱ्याचदा उतरतं, त्यामुळे तो फरक कमी होण्याचीही शक्यता आहे.

एवढे दिवस हातात मिळाले तर सांगलीचं घरही नीट उघडता येईल. सहा महिने बंद असलेल्या घरात टाकीतलं पाणी, फ्रिज, गॅसची नळी, इन्व्हर्टरची बॅटरी, यांतलं काहीतरी रुसलेलं असतंच. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर दोन दिवस आधी टाकी धुऊन घ्यायला सांगा.

तारखा बदलायचं ठरलं तर इथे तीन गोष्टी लिहा: दोघांच्या व्हिसाची शेवटची तारीख, आय-94 वरची तारीख, आणि बाबांना जिना चढवतो की नाही. त्यावरून कनेक्शन किती तासांचं ठेवायचं आणि व्हीलचेअरचा कुठला प्रकार टाकायचा ते सांगते.